आगीतून फुफाट्यात



व्याख्यानमालेच्या चालकांनी पत्रिकेत आमचा विषय 'वायुप्रदूषण-नियंत्रणाचे अनपेक्षित परिणाम' असा छापला आहे. इतका भारदस्त मथळा वाचून निम्मे लोक घरी राहिले असते तरी आम्ही त्यांना दोष दिला नसता. वैशाखातील परभणीची दुपार ज्याने काढली आहे त्याला संध्याकाळी गच्चीवर पडून राहण्याचा हक्क आहे. पण हाच विषय आपल्या आज्यापणज्यांनी दोन शब्दांत सांगून ठेवला आहे: आगीतून फुफाट्यात. फुफाटा म्हणजे तापलेली राख, तापलेली धूळ. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहो ती वस्तू शब्दशः तीच आहे, म्हणून या म्हणीला आम्ही मथळा करून टाकले.

प्रथम चुलीपासून सुरुवात करू. १९८० नंतरच्या दशकात सरकारने गावोगाव निर्धूर चुली बसविल्या. हेतू उत्तमच होता. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत दिवसभर जो धूर जात होता, तो नळकांड्यातून छपराबाहेर जावा. आमच्या ओळखीच्या एका आजीबाईंकडे अशी चूल बसली तेव्हा दोन वर्षांनी आम्ही मोठ्या उत्साहाने विचारले, "कसं काय, आजी?" त्या म्हणाल्या, "धूर गेला बाबा, पण सोंडे आले." चुलीच्या वर आढ्याला बियाण्याची कणसे टांगलेली असत, धुराने ती किडीपासून वाचत, छपराचे वासेही वाचत. धूर गेला आणि त्याचे हे दुसरे कामही गेले. आजीबाईंनी चूल मोडली नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांनी बियाणे राखेत घालून ठेवण्यास सुरुवात केली. म्हणजे त्यांनी नवी सोय पत्करली आणि तिच्यामागून आलेल्या गैरसोयीचा बंदोबस्तही केला. आमच्या मते प्रदूषण-नियंत्रणाचे सगळे शास्त्र या दोन कृतींत आहे. सरकारे पहिली कृती करतात आणि दुसरी विसरतात.

राख ही वस्तू आपल्या घरात कधी तुच्छ नव्हती. भांडी राखेने घासली जात, दात राखुंडीने, धान्य राखेने टिकत असे. पण चुलीची राख ओंजळभर आणि विद्युत्केंद्राची राख डोंगरभर, हा फरक आहे.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण शिवेला लागून बीड जिल्ह्यात परळी वैजनाथ आहे. तेथील औष्णिक विद्युत्केंद्राचे पहिले संच १९७१ च्या सुमारास सुरू झाले. आज तेथे २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. आपल्या गंगाखेडपासून हे केंद्र तीस किलोमीटरांच्या आत आहे, सोनपेठपासूनही तितकेच. वीज सर्व महाराष्ट्राची. शेजार मात्र आपला. आपल्या देशातील कोळसा राखाळ. शंभर किलो जाळला तर पस्तीस-चाळीस किलो राख उरते. तिच्यातील पाचवा हिस्सा भट्टीच्या तळाशी बसतो, बाकीची पिठासारखी बारीक होऊन धुराबरोबर वर जाते. या राखेचा कण भिंगाखाली पाहिला तर बहुधा काचेच्या मण्यासारखा गोल दिसतो. गोल आणि हलका, म्हणून तो वाऱ्याला फार आवडतो.

१९८१ साली वायुप्रदूषणाचा कायदा झाला आणि धुराड्यातून किती राख बाहेर पडू द्यावी याला बंधन आले. पुढे ते घट्ट होत गेले. डिसेंबर २०१५ च्या नियमांनी २००४ ते २०१६ या काळातील संचांना एका घनमीटर वायूमागे ५० मिलिग्रॅम एवढीच मुभा ठेवली. भट्टीतून निघणाऱ्या वायूत दर घनमीटरला चाळीस-पन्नास ग्रॅम राख असते. तेव्हा हजार कणांतील नऊशे नव्याण्णव पकडा, असा हा हुकूम झाला. हे काम करणाऱ्या यंत्राला इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर म्हणतात. लोखंडी पत्र्यांच्या रांगांमधून धूर सोडावयाचा, मधल्या तारांना हजारो व्होल्टांचा दाब द्यावयाचा, म्हणजे राखेच्या कणांवर विद्युद्भार चढतो आणि ते पत्र्यांना जाऊन चिकटतात. मग पत्र्यांवर हातोडे आपटले की राख खाली पडते. मोठे नामी यंत्र आहे. ते नसते तर गंगाखेडच्या माळवदांवर आज काय साचले असते याची कल्पना करवत नाही. हे आम्ही आरंभीच सांगून ठेवतो. आमचे भाषण ऐकून उद्या कोणी म्हणेल की नियंत्रण नको, तर तो आमच्याशी अप्रामाणिकपणा होईल.

प्रश्न इतकाच, की पत्र्यावरून खाली पडलेली राख पुढे कोठे जाते?

कायद्याने धुराड्याच्या तोंडाशी पहारेकरी बसविला. मागच्या दाराशी कोणी नव्हते. जुन्या पद्धतीत ही राख पाण्यात कालवून, एका टनाला पाच-दहा टन पाणी या मानाने, नळांतून राखेच्या तळ्यात सोडीत. ज्या मुलखात पाणी उदंड आहे तेथे ही युक्ती चालून जाईल. मराठवाड्यात ती कशी चालावी? केंद्राला पाणी लागते ते गोदावरीचे. खडक्याचा आणि मुदगलचा बंधारा, शिवाय माजलगावचे धरण, यांच्यावर त्याची भिस्त. ही गोदावरी आपल्या पाथरी-सोनपेठ-गंगाखेडच्या शेतांमधून वाहते. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्यावाचून सगळे केंद्र बंद पडले. २०१५ च्या जुलैत पुन्हा बंद पडले आणि वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. अर्थात पाण्याचा मोठा वाटा वाफ थंड करण्यात जातो, राखेत नव्हे. पण हवा स्वच्छ ठेवण्यासाठीही पाणी खर्ची पडते, ही रक्कम आपल्या जमाखर्चात कोणी लिहिलेली आम्ही पाहिली नाही.

पाणी आटले की तळे सुकते. सुकलेल्या राखेच्या तळ्यावरून उन्हाळ्यातील वारा गेला म्हणजे काय होते ते सांगावयास शास्त्रज्ञ नको. २२० मीटर उंचीच्या धुराड्यातून जी राख जाऊ दिली नाही ती आता जमिनीलगत उडते. उंचावरून गेली असती तर पुष्कळ पांगून, विरळ होऊन आली असती. आता ती माणसाच्या नाकाच्या उंचीवर आहे.

दिल्लीच्याही हे ध्यानात आले. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरांच्या आत विटा करणाराने मातीत निदान पंचवीस टक्के राख मिसळलीच पाहिजे. २००३ मध्ये ही मर्यादा १०० किलोमीटर झाली, २०१६ मध्ये ३०० झाली आणि शंभर किलोमीटरांपर्यंत वाहतुकीचा खर्चही केंद्राच्या माथी बसला. हेतू दुहेरी: राखेचा ढीग कमी व्हावा आणि वीटभट्ट्यांसाठी शेताची वरची सुपीक माती खरवडली जाऊ नये. आम्ही या हुकुमाचे मनापासून कौतुक करतो. आपल्या काळ्या मातीची नुसती वीट नीट होत नाही. ती वाळताना आकसते, तडकते. राख मिसळली की तडे कमी होतात. म्हणजे वीटवाल्याला ही राख कायद्याने नव्हे, गरजेनेच हवी होती.

झाले. राखेला भाव आला. ज्या वस्तूला कोणी विचारीत नव्हते तिच्यासाठी ट्रक उभे राहू लागले, सुकलेली तळी खणली जाऊ लागली. यात वाईट काय, असे विचाराल. विकणे वाईट नाही. वाईट आहे ते वाहणे. थोडा हिशेब करू. २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला चार हजार टनांच्या आसपास कोळसा खातो, आणि चौदाशे टनांच्या घरात राख टाकतो. तीन संचांची चार हजार टनांवर. वीस टनांचा ट्रक धरला तर दोनशेहून अधिक खेपा. सगळे संच रोज पूर्ण भाराने चालत नाहीत, सगळी राख ट्रकाने जात नाही, काही बंद टाक्यांतून सिमेंटच्या कारखान्यांकडे जाते. म्हणून आम्ही यातील निम्मे सोडून देतो. तरीही शंभर खेपा रोज उरतात, आणि प्रत्येक खेपेचा परतीचा रिकामा ट्रक निराळा. त्याच्या फळ्यांच्या फटींतूनही राख झिरपतच असते.

परळीकडच्या रस्त्याने आम्ही अनेकदा गेलो आहो. ताडपत्री नीट बांधलेला ट्रक पुढे असला तर काही कळत नाही. सैल बांधलेला असला तर पुढचा रस्ता दिसत नाही. खड्ड्यात चाक आदळले की ओंजळभर राख खाली पडते. मागून येणारी गाडी ती उडविते, तिच्यामागची पुन्हा उडविते. एकदा सांडलेली राख पाऊस येईपर्यंत दिवसातून शेकडो वेळा हवेत जाते. कडेच्या कपाशीची पाने पांढुरकी झालेली असतात. पानावर राखेचा थर बसला की त्याला ऊन कमी मिळते, हे शाळेतल्या मुलालाही कळते. सायकलीवरून शाळेला निघालेली ती मुले तोंडाला रुमाल बांधून जातात. या राखेत सिलिकेचे प्रमाण मोठे असते आणि सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसाला काय करते हे दगडखाणीतल्या मजुरांना विचारावे.

आता गंमत पाहा. यात कायदा कोणी मोडला? धुराड्याच्या तोंडाशी ५० मिलिग्रॅमची मर्यादा पाळली, तर केंद्र निर्दोष. वीटवाल्याने राख मिसळली, तो निर्दोष. ट्रकवाल्याला फार तर ताडपत्रीचा दंड. प्रत्येकाने आपापले कलम सांभाळले आणि रस्त्याकडेच्या माणसाच्या ताटात राख पडली.

असे आपल्याकडेच झाले असे नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर काळे धुके उतरले आणि काही दिवसांत हजारो माणसे दगावली. १९५६ साली तेथे शुद्ध हवेचा कायदा आला. घरांतील कोळशाच्या शेगड्या गेल्या, विजेची केंद्रे शहराबाहेर गेली आणि त्यांची धुराडी उंच झाली. लंडन खरोखरच निवळले. पण गंधकाचा वायू उंचावरून उत्तर समुद्र ओलांडून गेला, आणि १९६७ साली स्वान्ते ओदेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले की त्यांच्या तळ्यांत जो आम्लाचा पाऊस पडतो आहे तो परदेशांच्या धुराड्यांचा आहे. इंग्रजांनी स्वतःचा धूर थोडा उंचावर नेला, एवढेच. आणि शेजाऱ्याच्या अंगणात केर टाकणे ही कला आमच्या गल्लीतही सर्वांना येते.

गंधकाचा विषय निघाला आहे तर आणखी दोन शब्द. २०१५ च्या त्याच नियमांनी आपल्या केंद्रांना सांगितले, की धुरातील गंधकाचा वायूही धुऊन काढा. धुण्यासाठी चुनखडी आणि पाणी लागते. शिवाय ६४ किलो गंधकवायू पकडण्यास सुमारे १०० किलो चुनखडी जाते आणि ४४ किलो कर्बवायू नव्याने हवेत सुटतो, हे रसायनशास्त्राचे साधे कोष्टक आहे. तिसरी गंमत याहून मोठी. राखेच्या कणांनी विद्युद्भार नीट घ्यावा यासाठी धुरात थोडा गंधक असणे उपयोगाचे असते. अमेरिकेत १९७० नंतर केंद्रांनी हवा सुधारावी म्हणून कमी गंधकाचा कोळसा जाळावयास घेतला, तेव्हा राख पकडणारी यंत्रे ढिली पडली. एक रोग बरा करण्याच्या औषधाने दुसऱ्या औषधाचा गुण गेला. युरोपात तर हवेतला गंधक कमी झाल्यावर मोहरीच्या जातीची पिके गंधकावाचून पिवळी पडू लागली, कारण इतकी वर्षे कारखान्यांचा धूर शेतकऱ्याला न मागता, फुकट खत पुरवीत होता.

आपल्याकडे काय झाले? धुण्याच्या यंत्रांची मुदत २०१७ वरून पुढे, मग आणखी पुढे सरकत गेली. आणि जुलै २०२५ मध्ये मोठ्या शहरांपासून व अतिप्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या केंद्रांना, म्हणजे देशातील बहुतेकांना, त्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक अर्धा टक्काच असतो, हे त्यामागील एक समर्थन. ते खोटे नाही. परंतु चार हजार टनांचा अर्धा टक्का वीस टन होतो, आणि जळल्यावर त्याचा चाळीस टन वायू होतो. रोज. पाण्याचा आणि चुनखडीचा हिशेब आधी, २०१५ सालीच, उघडपणे मांडला असता, तर दुष्काळी मुलखासाठी कमी पाण्याची पद्धत शोधता आली असती. तो न मांडता हुकूम काढला आणि दहा वर्षांनी मागे घेतला. या माघारीला कोणी शेतीची कणव म्हणू लागला तर त्यालाही आम्ही हात जोडू. सोयाबीनला गंधक द्यावा असे आपले कृषी विद्यापीठ सांगते ते खरे, पण तो सुपर फॉस्फेटच्या पोत्यातून द्यावयाचा आहे, मुलांच्या छातीतून नव्हे.

आता आपल्या शहराकडे येऊ. २०१९ साली केंद्र सरकारने स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्याच्या यादीत महाराष्ट्रातील एकोणीस शहरे आहेत. मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर आहेत. परभणी नाही, बीड नाही. यादी झाली ती अनेक वर्षांच्या मोजमापांवरून. मोजमाप जेथे असेल तेथलीच हवा वाईट ठरणार, हे ओघानेच आले. यादीतील शहराला पैसा मिळतो, रस्ते झाडण्याची यंत्रे मिळतात. आमची तक्रार त्या शहरांविषयी नाही. पण हवा नगरपालिकेची हद्द ओळखत नाही, आणि राखेचा ट्रक तर हद्दीबाहेरच्या रस्त्यानेच जातो. सोनपेठ-गंगाखेडच्या मधल्या एखाद्या खेड्यातील माणसाला कोणत्या यादीत बसवावयाचे?

आणखी एक गोष्ट, जिचे भांडवल करण्याची आमची इच्छा नाही, पण डोळ्यांदेखत घडते आहे. पूर्वी कपाशी संपली की पऱ्हाट्या उपटून, भारे बांधून घरी आणीत आणि वर्षभर चुलीला पुरवीत. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस आला. चुलीपुढच्या बाईला त्याने श्वास दिला, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या घरी गॅस खरोखर चालतो तेथे पऱ्हाटीला गिऱ्हाईक उरले नाही. बोंडअळीसाठी शेत लवकर मोकळे करा असा सल्ला असतो आणि मजूर मिळत नाही. मग बांधावर ढीग घालून काडी लावतात. चुलीतला धूर शेतात आला. ज्या घरी टाकी परवडत नाही तेथे चूलही आहे आणि शेजारच्या शेतातला धूरही आहे. पऱ्हाटीचा भुगा करून जळणाच्या विटा करणारे कारखाने काही ठिकाणी निघाले आहेत. भारा तेथवर नेण्याचे भाडे शेतकऱ्याला सुटले तर काडी लागणार नाही. गॅसच्या योजनेबरोबर ही पुरवणी जोडता आली असती.

आमचे एक स्नेही म्हणतात, "प्रत्येक चांगल्या कामात तुम्ही खोट काढता, अशाने कोणी काही करणारच नाही." त्यांना आमचे उत्तर आजीबाईंचेच आहे. चूल मोडू नका, बियाण्याचे पाहा. राखेच्या बाबतीत हे पाहणे काही अवघड नाही. कोरडी राख बंद टाकीच्या गाडीतूनच न्यावी. परळी-परभणी लोहमार्ग आहेच, तर जेवढी राख रेल्वेने जाऊ शकेल तेवढी जावी. तळ्यातील राख काढावयाची तर ओली करून काढावी, आणि ते पाणी कोठून घेणार हे आधी सांगावे. सुकलेल्या तळ्यांवर मातीचा थर घालून गवत-झाडे लावावीत. राखेच्या विक्रीतून येणाऱ्या पैशाचा एक वाटा ज्या गावांतून ट्रक जातात त्यांच्या रस्त्यांवर आणि दवाखान्यांवर खर्च व्हावा. आणि धुराड्याच्या तोंडाशी जसे मोजयंत्र आहे तसे एक रस्त्याच्या कडेला, शाळेच्या फाटकाजवळ, माणसाच्या नाकाच्या उंचीवर बसवावे. त्याचे आकडे गावाच्या चावडीवर मराठीत लिहावेत.

हे शेवटचे सरकार करील तेव्हा करील. तोवर आपण एक काम करू शकतो. आम्ही एका वहीत गेला महिनाभर, जाऊ त्या दिवशी, रस्त्यावर भेटलेले राखेचे ट्रक, त्यांतील झाकलेले किती, उघडे किती, वेळ आणि ठिकाण, असे टिपून ठेवले आहे. वही अपुरी आहे, एका माणसाची आहे, म्हणून तिच्यातील आकडे आज आम्ही सांगितले नाहीत. सभागृहात गंगाखेड आणि सोनपेठकडची मंडळी पुष्कळ दिसताहेत. अध्यक्षांनी परवानगी दिली तर उरलेली दहा मिनिटे आम्ही बोलणार नाही. वही येथे टेबलावर ठेवतो, ज्याच्या गावावरून हे ट्रक जातात त्याने पुढे येऊन आपल्या गावाचे नाव आणि ट्रकांची वेळ तिच्यात लिहावी.